प्रकल्प फसल्यावर मीटिंग झाली, फाईल झाली. पण शिकलेलं पुढच्या साईटवर न्यायचं कसं?

ठाकुर्लीकर
नमस्कार. मी नऊ वर्षं ऑफिस इंटिरियरच्या कामांवर प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहे. लोअर परळचं अकराव्या मजल्यावरचं काम ३१ मेला ताब्यात द्यायचं होतं, दिलं २६ जूनला. अडलं काचेपाशी.

मीटिंग रूम्सना १२ मिमीच्या टफन्ड काचा होत्या, नऊ फूट उंच, चौदा नग. त्या इमारतीत माल रात्री दहानंतरच चढवू देतात, म्हणून ट्रक साडेअकराला आला. चौघांनी पहिली काच सर्व्हिस लिफ्टपाशी आणली. उभी बसेना, तिरकी करूनही कोपरा बाहेरच. जिन्याच्या वळणावर फिरेना. टफन केलेली काच नंतर कापताही येत नाही, कटर लावला की चुराच. रात्री दोन वाजता चौदाच्या चौदा परत ट्रकमध्ये चढवल्या. मग दोन तुकड्यांत नवी ऑर्डर, त्यासाठी फ्रेम्स बदलल्या, आणि तोवर पाऊस.

सलतंय ते वेगळंच. फेब्रुवारीत मापं घ्यायला आलेला काचवाला मला म्हणाला होता, "ताई, लिफ्ट मापली का?" मी डायरीत लिहिलंसुद्धा, 'लिफ्ट – बघणे'. मग पान उलटलं ते उलटलंच.

नंतर 'लेसन्स लर्न्ड'ची दोन तासांची मीटिंग झाली. 'व्हेंडरशी समन्वय वाढवावा' असे अठरा मुद्दे निघाले. काचवाल्याचा प्रश्न त्यात आला नाही, कारण तो फक्त मला माहीत होता आणि मी गप्प बसले. दोन आठवड्यांनी बीकेसीचं काम सुरू होतंय. शिकलेलं ऐन वेळी हात धरेल, अशी काही रीत तुमच्याकडे आहे का?

माटुंगेकर
ताई, मी ३४ वर्षं पुलांच्या कामांवर होतो. तुमची काच बरोबर होती, लिफ्टही बरोबर होती. चुकला तो दोघांमधला जोड, आणि जोडाला कुणी मालक नसतो.

अंधेरीचा गोखले पूल आठवा. रेल्वेच्या नियमांमुळे रुळांवरची उंची वाढवावी लागली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू खुली झाली तेव्हा शेजारचा बर्फीवाला पूल चांगलाच खाली राहिलेला सगळ्या मुंबईने पाहिला. शेवटी बर्फीवालाचा भाग जॅक लावून उचलला, मग जुलैत जोड झाला. म्हणून सांगतो, कामं वाटून देता तेव्हा जोडही वाटून द्या. काच ते लिफ्ट, एक माणूस. एसीचा डक्ट ते फॉल्स सीलिंग, एक माणूस. नाव लिहायचं, खात्याचं नाही, माणसाचं.

ऐरोलीची_टेस्टर
मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण तुमची डायरी वाचून १९९९ चं नासाचं मंगळावरचं यान, मार्स क्लायमेट ऑर्बिटर, आठवलं. एका बाजूचं सॉफ्टवेअर बळाचे आकडे पाउंड-फोर्स या एककात देत होतं, दुसरी बाजू ते न्यूटनमधले समजत होती. यान मंगळाच्या फार जवळ गेलं आणि हातचं गेलं. हे सगळ्यांना माहीत असतं. पण आकडे जुळत नाहीत हे नेव्हिगेशनच्या काही जणांना आधीच जाणवलं होतं. ठरलेल्या पद्धतीने ते नोंदवलं गेलं नाही, त्यामुळे पुढे सरकलंच नाही. अगदी तुमच्या 'लिफ्ट – बघणे'सारखं.

आम्ही काम सुरू व्हायच्या आधी प्रीमॉर्टेम करतो. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत ही पद्धत मांडली होती. काम फसलंय असं धरूनच चालायचं आणि प्रत्येकाने कारण सांगायचं. 'काही अडचण येईल का?' विचारलं की सगळे 'नाही' म्हणतात. 'फसलंच आहे, का फसलं?' म्हटलं की माणसं बोलतात. नुसत्या मॅनेजर मंडळींनाच बोलावू नका, प्रत्यक्ष काम करणारेही हवेत.

ठाकुर्लीकर
दोघांचेही मनापासून आभार. काल बीकेसीच्या रिकाम्या मजल्यावर सात जणांना बसवलं. सुतार, इलेक्ट्रिशियन, एसीवाला, माल चढवणाऱ्यांचा मुकादम, सगळे. म्हटलं, "दिवाळी आली, काम अडकलंय. कशामुळे?" लिहायला सांगितलं असतं तर दोघे गप्प राहिले असते, म्हणून ते बोलले आणि मी लिहिलं. मुकादम सगळ्यांत शेवटी बोलला, "मॅडम, बेसमेंटच्या उतारावर एक बीम खाली आलाय. मोठा टेम्पो आत येणार नाही." तसेच खाली जाऊन टेप लावला. सात फूट चार इंच. हे आमच्या एकाही ड्रॉइंगवर नव्हतं.

माटुंगेकर सर, तुमचं ऐकून ऑर्डरच्या फॉर्मवरच एक रकाना वाढवलाय: उतार, लिफ्ट, दार, वळण, आणि मापणाऱ्याचं नाव. तो रिकामा असेल तर मी सही करत नाही. साहेबांना पटायला जरा वेळ लागला. मग मी त्यांना फेब्रुवारीचं ते पान दाखवलं. मीटिंगमध्येच दाखवायला हवं होतं.

काचवाल्यालाही फोन करून सगळं सांगितलं. सोमवारी तो मापं घ्यायला येतोय. आधी उतार आणि लिफ्ट, मग खोल्या, असं ठरलंय.