मदत हवी आहे: न्गोरोंगोरो – अर्धा दिवस की पूर्ण?

चकवाचांदणी: एजंटला आज रात्रीच कळवायचंय. टांझानियातल्या न्गोरोंगोरोच्या विवरात सफारीला अर्धा दिवस घ्यावा की पूर्ण? गेंडा आणि जिराफ दोन्ही दिसायलाच हवेत, मुलाला कबूल केलंय. लवकर सांगा प्लीज.

भटक्या७२: महिना कुठला? बरोबर कोण? मुक्काम विवराच्या कड्यावर की खाली कराटू गावात? एवढं तरी लिहा हो.

रानवाटा: महिना कुठलाही असो, विवरात जिराफ विसरा. सहाशे मीटरची उभी भिंत आहे, तळात जिराफ नसतात. काळा गेंडा आहे, पण गवतात लांबवर ठिपका दिसेल. गाडी रस्ता सोडू देत नाहीत, दुर्बीण न्याच. लेराईच्या जंगलात सुळेवाले म्हातारे हत्ती मात्र मस्त दिसतात.

भोचकभाऊ: त्यापेक्षा केनियातलं मसाई मारा करा. आम्ही केलं, पैसे वसूल!

रानवाटा: त्यांनी मारा विचारलंय का?

भोचकभाऊ: सुचवलं तर बिघडलं कुठे?

चकवाचांदणी: फेब्रुवारी. आईबाबा, नवरा, मुलगा. बाबांचे गुडघे दुखतात. नैरोबीहून येतोय.

भटक्या७२: हे आधी सांगायचं ना! फेब्रुवारीत त्याच संरक्षित क्षेत्रात न्दुटूला विल्डबीस्टची (मोठ्या हरणासारखा प्राणी) पिल्लं जन्मतात. जिराफही तिथेच बघा, एक रात्र राहा. केनियातून भारतात परत येताना पीतज्वराची लस घेतल्याचं कार्ड लागतं, लस निदान दहा दिवस आधी. घेतली का? गुडघ्यांची काळजी नको, ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरूच देत नाहीत. कंबर मात्र हलते. कड्यावर रात्री थंडी असते, स्वेटर घ्या.

लोणारवासी: विवरातल्या मगाडी तळ्याचं पाणी आमच्या लोणारसारखंच खारं. आमच्याकडेही कधीमधी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, बघायला कोणी येत नाही.

रानवाटा: लोणार उल्केचं. न्गोरोंगोरो ज्वालामुखीचा माथा कोसळून झालेलं, २६० चौरस किमीचा तळ आहे.

लोणारवासी: ठाऊक आहे. मी पाण्याबद्दल बोलतोय.

झूमवाले: कॅमेऱ्याला चारशे मिमीची लेन्स घ्या, दोनशेत काही येत नाही.

चकवाचांदणी: कॅमेरा नाही, मोबाईल आहे. कार्ड कुणी सांगितलंच नव्हतं! आणि एजंट म्हणतोय दुपारी दोनला उतरू. चालेल?

रानवाटा: अजिबात नको. संध्याकाळी सहापर्यंत गाड्यांना बाहेर पडावंच लागतं. सकाळी सहाला दार उघडल्या उघडल्या उतरा. पूर्ण दिवस घेतलात तरी डबा गाडीतच खा, न्गोइटोकिटोकच्या पाणथळीला घारी हातातलं पळवतात.

भोचकभाऊ: डब्यात व्हेज मिळतं का तिकडे?