इटलीत शेतातलं घर आठवडाभर भाड्याने घ्यावं का? आई-बाबा सोबत आहेत

संत्रावाला_वरुड:
नमस्कार मंडळी. लहान भाऊ जर्मनीत श्टुटगार्टला असतो, तीन वर्षं झाली आई-बाबांना या या म्हणून मागे लागलाय. आमचा संत्र्याचा बाग मृग बहाराचा, मे महिन्यात ताणावर सोडला की पाणी नाही काही नाही, वर्षातून तेवढेच दिवस घर सोडता येतं. तर यावेळी १२ रात्री त्याच्याकडे आणि ७ रात्री इटलीत असं ठरतंय, पण त्याचं म्हणणं हॉटेल नको, टस्कनी भागात सिएना शहरापासून ३० किलोमीटरवर शेतातलं जुनं दगडी घर घेऊ, सात जण आरामात मावतात, शनिवार ते शनिवार १४०० युरो. फोटो बाबांना दाखवला तर म्हणे हा तर आपला पडका वाडा आहे, याचे एवढे पैसे? आता प्रश्न असे की आई बाहेरचं खात नाही तर तिथं स्वयंपाक नीट करता येतो का, गाडीशिवाय जमतं का, आणि सगळ्यात मोठं म्हणजे मालक म्हणतो वेबसाइटवरून बुक करू नका, सरळ बँकेत टाका, १० टक्के कमी करतो. भाऊ टाकायला निघालाच होता, मीच थांब म्हटलं.

आर्वीची_सून:
दादा, आम्ही २०२३ मध्ये उम्ब्रियात राहिलो होतो, टस्कनीच्या शेजारचाच भाग, भाडं थोडं कमी पडतं. सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. घर सुंदर होतं, त्यात वाद नाही, पण मी आज परत बुक करायला बसले तर घराचे फोटो शेवटी पाहीन, आधी नकाशा पाहीन. आमच्या जाहिरातीत गाव ४ किलोमीटर लिहिलं होतं, त्यातले शेवटचे दोन किलोमीटर पांढऱ्या मुरमाचा चढ, एकच गाडी जाईल एवढा. समोरून ट्रॅक्टर आला की आपण रिव्हर्स. त्यामुळे दूध संपलं म्हणून कोणी उठून जात नाही, आणि गेलं तरी दुपारी १ ते ४ गावातलं दुकान बंद, रविवारी दुपारनंतर विचारूच नका. शनिवारी पोचलात की आधी किराणा भरा, मग घर पाहा.

स्वयंपाकाचं टेन्शन नका घेऊ. गॅस होता, भांडी होती, कुकर मात्र इथून न्या. सासूबाईंनी तिथल्या कास्तेलुच्चोच्या बारीक मसुरीचं वरण केलं, सासरे बोटं चाटून जेवले. ब्रेड तिथला अळणी असतो, टस्कनीतही तसाच, खराब नाही, पद्धतच आहे. उम्ब्रियात तोर्ता अल तेस्तो म्हणून गोल तव्यावरची जाड पोळी मिळते, ती आपल्या लोकांना जास्त आवडते.

पण एक लक्षात ठेवा, घरगुती वीज कनेक्शन बहुतेक ३ किलोवॉटचं असतं. पहिल्याच रात्री मी वॉशिंग मशीन लावलं, ओव्हनमध्ये बटाटे ठेवले आणि सासूबाईंनी पाणी तापवायला विजेची किटली लावली, खटकन सगळं अंधार. घरातल्या बोर्डवरचं बटन वर करून काही होईना. शेवटी मी मोबाईलचा टॉर्च घेऊन फाटकापर्यंत गेले, तिथं वेलीच्या आड मीटरची पेटी, आत एक खटका खाली पडलेला, तो वर केला तर मागून घरातून टाळ्या. आल्या आल्या मीटर कुठे आहे ते विचारून घ्या.

आणि आई-बाबांसाठी चांगली बातमी, बाथरूममध्ये पाण्याची सोय असते, १९७५ च्या सरकारी नियमाने तिथल्या घरात एका तरी बाथरूमला बिडे, म्हणजे बसून धुवायचं नळाचं भांडं, लागतंच. दगडी घर मेमध्येही रात्री गार पडतं, हीटिंगचे पैसे बरेचदा वापराप्रमाणे वेगळे लावतात. स्वेटर न्या.

बंडीवाला:
पैसे देऊन वावरातच रायाचं हाय तं माह्या वावरात ये ना बावा. जागलीचं मचान फुकट, रात्री रानडुकरं अन् रोही पायाले भेटते, भाकर-ठेचा वरून. टस्कनी टस्कनी काय लावलं 😀

आर्वीची_सून:
बंडीवाले भाऊ, डुकरं तिथंही आहेत! टस्कनी-उम्ब्रियात रानडुक्कर द्राक्षाच्या मळ्यात घुसतं, आमच्या मालकानेही मळ्याला तार ओढून करंट सोडला होता. सासरे पाहून म्हणाले, हे तर आपलं झटका मशीन. मग अर्धा तास दोघं हातवाऱ्यांनी बोलत बसले, एकाला मराठी येईना एकाला इटालियन.

संत्रावाला दादा, बाबांसाठी म्हणून आग्रितुरिस्मो, म्हणजे शेतकऱ्याच्या चालू शेतावरचं पाहुणघर, असेल असंच बघा. तिथं २००६ चा कायदा आहे, पाहुणे ठेवायचे तर खरी शेती हवी आणि धंदा मुख्य शेतीचाच हवा. नुसतं शेतातलं घर वेगळं, त्याचा मालक शहरात बसलेला असू शकतो.

चक्रधर_काटोल:
गाडीशिवाय नाही जमत, रेल्वे टेकडीवरच्या गावात जात नाही आणि बस रविवारी जवळजवळ नसतेच. भावाकडे जर्मन लायसन असेल तर प्रश्न नाही, पण तुम्हीही चालवणार असाल तर आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढा, एक वर्ष चालतं, मूळ लायसनही सोबत ठेवा, आणि दुसरा ड्रायव्हर म्हणून गाडीच्या करारात नाव टाकून घ्या. ऑटोमॅटिक पाहिजे तर आधीच सांगा, नाहीतर हातात गिअरची गाडी देतात आणि गिअर उजव्या हाताला, पहिला दिवस मी दरवाजाच्या काचेचं हँडल शोधत होतो.

आता माझी चूक ऐका. जुन्या शहरांच्या आत झेड टी एल नावाचा भाग असतो, परवानगीशिवाय गाडी न्यायची नाही, कॅमेरे लागलेले. सिएना, फ्लॉरेन्स सगळीकडे. मी फ्लॉरेन्सला हॉटेल शोधत एकाच गल्लीतून दोनदा गेलो, कोणी अडवलं नाही, मी खूश. सात महिन्यांनी, घरी कापूस मोजत होतो, तर मेल. दोन वेळा गेलो म्हणून दोन दंड, आणि गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीने माझं नाव पोलिसांना दिलं त्याची फी दोनदा वेगळी. गाडी भिंतीच्या बाहेर पार्किंगला लावा आणि पायी आत जा, बस.

हिशेबनीस:
भावाला म्हणावं बँकेत एक रुपया टाकू नको. वेबसाइटच्या बाहेर पैसे गेले की तक्रार कोणाकडे करणार. १० टक्के म्हणजे १४० युरोसाठी १२६० युरो पणाला लावायचे का? मालक खरा असेलही, पण ओळखायचं कसं ते सांगतो. २०२५ च्या जानेवारीपासून इटलीत सुट्टीसाठी भाड्याने देणाऱ्या प्रत्येक घराला सीआयएन नावाचा राष्ट्रीय कोड लागतो, आयटी या अक्षरांनी सुरू होतो, जाहिरातीत दिलाच पाहिजे. तो मागा. देतो-पाहतो केलं तर सोडा. पोचल्यावर सगळ्यांचे पासपोर्ट मागतील, घाबरू नका, पाहुण्यांची नोंद २४ तासांत पोलिसांना कळवणं मालकाला बंधनकारक आहे. १४०० मध्ये साफसफाई, डिपॉझिट आणि गावाचा माणशी-रात्री टॅक्स धरलाय का तेही विचारा, हे बहुतेक वेगळं निघतं.

आणि कोणी बोललं नाही म्हणून, व्हिसा! दोन्ही देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा. तुमच्या जास्त रात्री जर्मनीत आहेत, १२ विरुद्ध ७, म्हणजे अर्ज जर्मनीचा करायचा, इटलीचा नाही. मोठ्या माणसाची फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा, आणि सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मेमध्ये जायचं तर मार्चपर्यंत बसून राहू नका.

संत्रावाला_वरुड:
मंडळी लय उपकार. मालकाला कोड मागितला काल, त्याचं अजून उत्तर नाही, दिवसाला चार मेसेज पाठवणारा माणूस गप्पच झाला. भावाने दुसरं पाहिलंय, आग्रितुरिस्मो, ऑलिव्हचा बाग आणि थोडी द्राक्षं, कोड जाहिरातीतच आहे, गाव दीड किलोमीटर आणि रस्ता डांबरी. बाबा आता फोटो झूम करून पाहतात. काल विचारत होते की ऑलिव्हच्या दोन झाडांत किती फूट अंतर ठेवतात आणि त्यालाही ताण देतात का. मी म्हटलं तुम्हीच विचारा तिथं जाऊन, हातवारे करून.