180 जीबी स्कॅन वाळपईहून पुण्याला पाठवायचेत, टार करू की आरसिंक?

वाळपईवाला:
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयातली जुनी मासिकं, नाटकांच्या हस्तलिखित वह्या आणि भजनाची पुस्तकं आम्ही काही पोरं मिळून स्कॅन करतोय, गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्याच्या पावसात कागदाला बुरशी ठरलेलीच, आता नाय केलं तर परत व्हायचं नाय. 180 जीबी झालंय, बरंचसं जेपेग आणि वह्यांचे तेवढे टिफ. एक कॉपी पुण्याला काकांच्या लिनक्स मशीनवर ठेवायचीय. माझ्याकडे विंडोज आहे पण त्यात उबुंटू टाकून घेतलंय. एका वर्षाच्या अंकांची झिप केली तर पेनड्राइव्ह म्हणतो फाइल फार मोठी आहे, जागा भरपूर असून. एससीपीने (नेटवरून फाइल कॉपी करणारी कमांड) पाठवायला घेतलं तर मधेच लाईट जाते आणि परत पहिल्यापासून. टार, जीझिप, एक्सझेड, झेडस्टँडर्ड एवढं सगळं वाचलं पण यातलं मला नक्की काय लागतं ते सांगा.

मडगाव टर्मिनल:
पेनड्राइव्हचा फॉरमॅट फॅट 32 असणार. त्यात एक फाइल 4 जीबीच्या वर जात नाही, जागा कितीही असो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट कर, झालं.
आता मुख्य गोष्ट. टार फक्त बांधतो, दाबत नाही. ते मुळात टेपवर फाइली एकामागून एक लिहायला 1979 च्या युनिक्समध्ये आलं, दाबायचं काम जीझिप, एक्सझेड, झेडस्टँडर्डचं. पण जेपेग आधीच दाबलेलं असतं, ऊस एकदा चरकातून काढला की परत घातल्यावर किती रस येणार. त्यावर एक्सझेड चालवलंस तर मशीन तासन्तास तापेल आणि जागा वाचेल नाममात्र. टिफचं वेगळं, ए4 पान 300 डीपीआयला (इंचात 300 ठिपके) रंगीत आणि न दाबलेलं असेल तर साधारण 26 एमबी होतं, ते खरंच कमी होतं. पण त्यालाही बाहेरून टार करू नको, टिफच्या आतच डिफ्लेट नाहीतर एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन असतं, त्यात एक ठिपकाही हरवत नाही आणि फाइल थेट उघडते. आणि टार-जीझेडमध्ये मधेच काही खराब झालं तर त्याच्या पुढचं सगळं अडकतं, 180 जीबीचं एकच गाठोडं करणं मला तरी अजिबात पटत नाही.

फोंड्याची लिनक्सवाली:
वरच्या दादांशी सहमत. तुला आरसिंक लागतं रे. 1996 साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी काढलं तेच मुळी हळू लाइनवर फक्त बदललेला भाग पाठवता यावा म्हणून. कमांडमध्ये आरसिंकच्या पुढे पर्याय लावायचे: मायनस ए म्हणजे तारखा-परवानग्या जशाच्या तशा, व्ही म्हणजे काय चाललंय ते दिसतं, कॅपिटल पी म्हणजे अर्धवट राहिलेली फाइल ठेवते आणि प्रगती दाखवते. लाईट गेली, परत आली, तीच कमांड परत मार, झालेल्या फाइली सोडून पुढे जाते. मायनस झेड नको लावू, ते वाटेतलं कॉम्प्रेशन, जेपेगला काही उपयोग नाही.
दोन ठिकाणी लक्ष ठेव. सोर्स फोल्डरच्या शेवटी स्लॅश दिला तर आतला माल जातो, नाही दिला तर फोल्डरसकट जातो. आणि डिलीटचा पर्याय (तुझ्याकडे नसलेल्या फाइली तिकडून उडवतो) वापरायचा असेल तर आधी मायनस एन लावून कोरडी फेरी मार, काय काय उडणार ते वाचून मगच खरं चालव. जुन्या वह्यांचं काम आहे, परत स्कॅन करायला त्या हातात असतीलच असं नाही.

वाळपईवाला:
देव बरें करूं ताई! पण अपलोड स्पीड 10 एमबीपीएसच मिळतो, चालेल का?

डिचोलीकर:
हिशेब कर, 180 जीबी म्हणजे 10 एमबीपीएसने न थांबता 40 तास, आणि पावसाळ्यात न थांबता काय चालतं. पहिली खेप हार्डडिस्कवर घाल आणि पुण्याला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर रात्रीच्या बसने पाठव. त्यानंतर नवीन स्कॅन तेवढे नेटवरून आरसिंकने, ते रोजचे एक-दोन जीबी असतील तर आरामात जातात. काकांनी डिस्कवरून उतरवताना पण आरसिंक मायनस ए नेच उतरवायचं, नुसत्या कॉपीने तारखा बदलल्या की पुढच्या वेळी प्रत्येक फाइल परत तपासत बसेल. डिस्क एक्सफॅट असेल तर आरसिंकचा मॉडिफाय-विंडो पर्याय 1 ठेव, मग फाइलीच्या वेळेतला सेकंदाचा फरक पकडत नाही.
डिस्क देण्याआधी सगळ्या फाइलींची एसएचए 256 ची (फाइलीच्या आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा, फाइल जराशी बदलली तरी वेगळा येतो) यादी काढ, यादी मात्र फोल्डरच्या बाहेर ठेव नाहीतर ती स्वतःलाच मोजते. काकांनी त्यांच्या मशीनवर एसएचए256सम मायनस सी ला तीच यादी द्यायची, सगळीकडे ओके आलं तरच तुझ्या लॅपटॉपवरचं काही हलवायचं.
आणि नावं मराठीत ठेवतोस काय?

वाळपईवाला:
हो, मासिकाचं नाव, महिना, वर्ष, लेखाचं शीर्षक, सगळं नावातच.

डिचोलीकर:
मग हे आत्ताच बघ. लिनक्सच्या डिस्कच्या ईएक्सटी 4 फॉरमॅटवर फाइलीचं नाव 255 बाइटच्या वर जात नाही. देवनागरीत प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं 3 बाइट खातं, म्हणजे जेमतेम 85 चिन्हं, 'स्त्री' या एका अक्षराचीच 6 होतात. विंडोजवर 255 चिन्हं चालतात म्हणून तुला तिथे अडलं नसणार, काकांकडे अशा फाइली नाव लांब म्हणून उतरणारच नाहीत. शीर्षकं एका वेगळ्या तक्त्यात लिही, नावात मासिक, वर्ष, महिना, पान एवढंच ठेव. आणि हे एसएचएची यादी काढायच्या आधी कर, यादीत नावं असतात, नंतर बदललीस तर परत काढावी लागेल.