प्रतिसाद: पूजेनं नाही, नियमानं

दादा, वर तुम्ही म्हणता, आदिवासी निसर्गाला देव मानतात म्हणून त्यांचं जंगल टिकलं. अर्धंच खरं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव बघा, गोंडपिपरी तालुक्यातलं. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर गावाचा कायदेशीर हक्क, मिळाला आणि ग्रामसभेनं ठरवलं, तेंदूपत्ता (विडीचं पान) तोडायचा नाही. हातचा पैसा सोडला! कारण साधं: पानांसाठी झाडं छाटतात, नवी पालवी फुटावी म्हणून आगी लावतात. मग टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, पिकणार कुठून? ती माणसं खातात, पाखरंही खातात. कमाई बांबूवर ठेवली.

हे शहाणपण पूजेतून कमी, रोज जंगलात फिरण्यातून जास्त आलं असं मला वाटतं. शिवाय हक्क हातात नसता तर ठराव कागदावरच राहिला असता.

आमच्याकडे ऐन मोहफुलाच्या दिवसांत अवकाळी येतो, वाळत घातलेली फुलं काळी पडतात. तरी जंगलातला मोह उभा आहे. पण कापूस-सोयाबीनच्या नादात आम्ही शेताच्या धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, मोह तोडून बसलो. आता उन्हात बैल बांधायला सावली शोधतो.