प्रति: आधी प्राध्यापकांचं इंग्रजी सुधारा
प्राध्यापकांचंच इंग्रजी कच्चं, ते मुलांना इंग्रजीतून भाषण करायला काय शिकवणार, हे म्हणणं अर्धंच पटलं. आमच्या वाशी-नेरुळकडे फर्डं इंग्रजी बोलणारे प्राध्यापकही मुलाचं भाषण संपलं की 'छान, कॉन्फिडन्स वाढव' म्हणून मोकळे होतात. (वाढव म्हणजे नेमकं करायचं काय?) प्रशिक्षण हवं ते अभिप्राय देण्याचं. बीएडवाल्यांना सूक्ष्म अध्यापन ठाऊक असतं. १९६० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये निघालेली पद्धत: ५-१० मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, लगेच अभिप्राय, मग पाठ पुन्हा. विद्यापीठात शिकवायला बीएड लागत नाही, त्यामुळे बहुतेकांची याच्याशी गाठच पडत नाही. टोस्टमास्टर्समध्ये (भाषणाचा सराव करणाऱ्यांचे क्लब) तर भाषणाचं मूल्यमापन हेच २-३ मिनिटांचं स्वतंत्र भाषण असतं. प्राध्यापकांना आधी तिथे मूल्यमापक म्हणून उभं करा, इंग्रजीचं नंतर बघू.