मदत हवी आहे: आईला 'रिप्लाय १९८८'ची गल्ली दाखवायचीय, पण ती गल्लीच नाहीये

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, कारण नुसतं "कोरियात काय बघू" विचारलं की सगळे राजवाडा आणि टॉवर सांगतात आणि माझी अडचण वेगळीच आहे.

एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मी आणि आई, दोघीच, आठ दिवस कोरियाला जायचं ठरवतोय. आई ६६ वर्षांची आहे, दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीला अर्धा-पाऊण तास आरामात चालते पण जिने आणि चढ म्हटलं की त्रास, उतरताना तर जास्तच. शिवाय शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

तिला हे कोरियन सिरियल्सचं वेड लॉकडाऊनमध्ये लागलं. मी 'क्रॅश लँडिंग ऑन यू' लावली होती, ती शेजारी बसून गवार मोडत होती, आणि आठवड्याभरात माझ्या दहा भाग पुढे गेली. सबटायटल्स नीट वाचता यावीत म्हणून चष्म्याचा नंबर तपासून घेतला. मग 'गॉब्लिन' झालं, 'होमटाउन चा चा चा' झालं, ती वकील वूची सिरियल झाली, पण जीव अडकलाय तो 'रिप्लाय १९८८' मध्ये. तीन वेळा पूर्ण बघून झालीय.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, २०१५ ची सिरियल आहे, सोलमधल्या सांगमुनदोंग भागातली एक गल्ली, तिथली पाच मित्रमैत्रिणी आणि त्यांची घरं, आणि १९८८ चं ऑलिम्पिक अगदी तोंडावर आलेलं. पहिल्याच भागात रात्रीच्या जेवणाची वेळ होते आणि एका घरातून दुसऱ्या घरात पोरांच्या हातून भांडी जायला लागतात, हिच्याकडचं तिच्याकडे, तिच्याकडचं हिच्याकडे, शेवटी प्रत्येकाच्या टेबलावर सगळ्या घरांचं जेवण. आईने तिथे रिमोट घेऊन सिरियल थांबवली आणि मला म्हणाली, "बघितलंस? एकीची वाटी रिकामी परत गेली नाही." ती लग्नापर्यंत गिरगावातल्या चाळीत वाढली, तिथे आजी शेजारच्या काकूंची वाटी परत करताना काहीच नसलं तर चमचाभर साखर तरी घालायची, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. ती चाळ पुनर्विकासात गेली, आता तिथे टॉवर आहे. सिरियलच्या शेवटीही गल्ली पुनर्विकासासाठी रिकामी होते, सगळे सामान बांधून निघतात. तो भाग तिने तिन्ही वेळा एकटीने बघितला, मला बाहेर जायला सांगून.

तर आता मुद्दा. तिला ती गल्ली बघायचीय. ती घरं, ती दारं. एका टूरवाल्याने "हो हो दाखवतो की" म्हणून प्लॅनमध्ये लिहूनही दिलं, आई इतकी खूश झाली की बहिणीला फोन करून सांगितलं. मला शंका आली म्हणून मी शोधायला बसले तर कळलं की ती गल्ली सोलजवळ उइजॉन्गबूला उभारलेला सेट होता आणि तो कधीच काढून टाकलाय. सांगमुनदोंग हा भाग खरा आहे, मेट्रोच्या चार नंबर लाइनवर त्याच नावाचं स्टेशन आहे, पण तिथे जाऊन ती गल्ली काही सापडणार नाही. त्या टूरवाल्याला विचारलं तर म्हणतो मॅडम तसलीच एखादी गल्ली दाखवू. तसलीच म्हणजे काय! आई प्रत्येक दार ओळखते. त्याच्याकडचं बुकिंग मी केलं नाही.

आईला अजून सांगितलेलं नाही. तिच्या डायरीत पहिल्या नंबरला तेच लिहिलंय.

मला मदत हवीय ती अशी. सेट नसला तरी त्या काळची गल्ली, त्या काळचं घर जिथे आत जाऊन बघता येईल असं काही आहे का आणि ते तिच्या गुडघ्यांना झेपेल का? दुसरं म्हणजे डायरीत 'गॉब्लिन'मधला समुद्रातला बांध, 'होमटाउन'मधलं डोंगरावरचं होडकं, वूच्या सिरियलमधलं मोठं झाड आणि नामी बेट हे सगळं आहे, आठ दिवसांत यातलं काय ठेवू आणि काय सोडू? आणि जेवणाचं काय करायचं हे कोणी अनुभवाने सांगितलं तर फार बरं होईल. व्हिसाचे कागद, बँक स्टेटमेंट वगैरे माझं सुरू आहे, त्याची काळजी नाही.

प्रतिसाद १

ताई, आधी आईंना सांगून टाका. तिथे पोचल्यावर कळलं तर जास्त लागेल.

आता जागा. ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या आवारातच कोरियाचं राष्ट्रीय लोकसंग्रहालय आहे, त्याच्या बाहेरच्या अंगणात जुन्या काळातला रस्ता उभा केलाय, न्हाव्याचं दुकान, फोटो स्टुडिओ, कॉमिक्सचं दुकान, चहा-कॉफीचं दुकान, सगळं सामान तेव्हाचं. एकदम सपाट, तिकीट नाही. माझ्या सासूबाई तिथल्या न्हाव्याच्या खुर्चीसमोरून हलायलाच तयार नव्हत्या. राजवाडाही त्याच दिवशी करा, फक्त मंगळवारी बंद असतो, आणि हानबोक, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाख, घालून गेलात तर राजवाड्याचं तिकीट लागत नाही.

आणि ऑलिम्पिक पार्क नक्की ठेवा. सिरियलमधली दॉक्सन मादागास्करची पाटी घेऊन चालायची प्रॅक्टिस करते ते आठवतं ना, ते ऑलिम्पिक त्याच भागात झालं. मोंगचोनतोसॉन्ग स्टेशनमधून वर आलं की समोरच शांतता द्वार दिसतं. बाकडी भरपूर, चढ टाळून फिरता येतं, आणि एप्रिलच्या सुरुवातीला सोलमध्ये चेरी फुललेली असते.

प्रतिसाद २

मी तीन वर्षं सोलला होते. तुम्हाला हवं ते सुनचॉनला आहे. तिथे सिरियल-सिनेमांसाठी बांधलेला सेट कायमचा ठेवलाय, साठ ते ऐंशीच्या दशकातले रस्ते, दुकानं, आणि एका बाजूला टेकडीवर चढत गेलेली गरीब वस्तीची घरं, सोलच्या बोंगचोनदोंग भागातल्यासारखी. त्या काळचे शाळेचे युनिफॉर्म भाड्याने मिळतात, कोरियन आज्यासुद्धा ते घालून फोटो काढत असतात. टेकडीकडचा भाग पायऱ्यांचा आहे तो आईंनी खालूनच बघावा, खालचे रस्ते चालायला सोपे आहेत. सोलच्या योंगसान स्टेशनवरून केटीएक्सने, म्हणजे वेगवान रेल्वेने, साधारण अडीच-तीन तास लागतात, एक रात्र राहा, दुसऱ्या दिवशी तिथली खाडीजवळची मोठी बाग बघा.

बाकीच्या यादीबद्दल माझं स्पष्ट मत. 'गॉब्लिन'चा बांध ठेवा, गांगनुंगपर्यंत केटीएक्सने दोनेक तास, पुढे जुमुनजिनला टॅक्सी. बांध छोटाच आहे, फोटोसाठी रांग असते, लाल मफलर आणि फुलांचा गुच्छ तिथेच भाड्याने मिळतो. फक्त लाटा जोरात असतील तर आईंना काँक्रीटवर नेऊ नका, ओलं असतं, किनाऱ्यावरूनही छान दिसतो. 'होमटाउन'चं होडकं पोहांगला टेकडीवर आहे, चढून जावं लागतं, ते सोडा. वूचं झाड चांगवनला आहे, पाचशे वर्षांचं मानतात, सिरियल आली त्याच वर्षी, २०२२ मध्ये, त्याला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. झाड बघून मन भरतं पण तेवढ्यासाठी एक अख्खा दिवस जाईल. नामी बेट 'विंटर सोनाटा'मुळे प्रसिद्ध आहे, ती आईंनी पाहिलीच नसेल तर काय करणार तिथे?

बुकचोनला, म्हणजे सोलमधल्या जुन्या घरांच्या वस्तीत, जायचं असेल तर सकाळी दहा ते संध्याकाळी पाच याच वेळेत जा, त्या गल्ल्यांत लोक राहतात, वेळेबाहेर पर्यटक दिसले तर दंड करतात. तिथेही चढ आहे हं.

प्रतिसाद ३

जेवणाबद्दल. किमचीत बहुतेक वेळा माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते, आणि भाजीचं दिसणारं सूपही सुक्या मासळीच्या पाण्यात केलेलं असू शकतं, त्यामुळे नुसतं "मीट नको" सांगून भागत नाही. मांस, मासे, अंडं, माशाचा सॉस काहीच चालत नाही असं कोरियनमध्ये लिहून फोनवर ठेवा आणि दाखवा. बिबिमबाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, अंडं-मांस काढून देतात. सोलमधल्या जोग्येसा मंदिराच्या आसपास बौद्ध मठातल्या पद्धतीचं जेवण मिळतं, त्यात कांदा-लसूणही नसतो, आईंना ते नक्की आवडेल. उपम्याचं, पोह्यांचं पाकीट, मेतकूट न्याच, हॉटेलात पाणी तापवायची किटली असते.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. जुन्या पद्धतीच्या हानोक घरात राहायचा मोह होतो पण तिथे जमिनीवर गादी घालून झोपायचं असतं, काही जुन्या हॉटेलांत जेवायलाही खालीच बसवतात. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला हे जमणार नाही. पलंग आहे ना हे विचारूनच बुक करा. आणि चालायचे रस्ते शोधायला नावेर मॅप हे कोरियन ॲप घ्या, गुगलचा तिथे फार उपयोग होत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे सगळं प्रिंट काढून ठेवलंय.

काल रात्री आईला सांगितलं. सेट होता, पाडला, काहीच उरलं नाही. ती काही बोलली नाही, उठून ओटा आवरला, दोनदा पुसला. मग डायरी घेऊन आली आणि मला म्हणाली, "ते सुनचॉन कसं लिहायचं, सांग." त्या ओळीवर काट मारली नाही, तिच्या खालीच लिहिलं. आणि मग तासभर विचारत बसली की त्या न्हाव्याच्या दुकानात आत जाता येतं का, स्वयंपाकघर दाखवलंय का, भांडी तेव्हाचीच आहेत का.

आता असं ठरतंय, सोलला पाच रात्री, त्यात एक दिवस जुमुनजिनला जाऊन परत, मग सुनचॉनला एक, आणि शेवटची पुन्हा सोलला. झाड आणि होडकं सोडलं, होडक्याचं तिला वाईट वाटलं पण गुडघ्याकडे बघून तीच म्हणाली राहू दे.

दोनच शंका राहिल्यात. योंगसान स्टेशनवर व्हीलचेअरची मदत हवी असेल तर आधी कळवावं लागतं की त्या दिवशी जाऊन मिळते? आणि सुनचॉनच्या सेटवर युनिफॉर्म मोठ्या मापात मिळतात का? आईने स्वतःहून विचारलंय.