मदत हवी आहे: नवीन १५०-६०० लेन्सने नांदूरचे सगळे पक्षी सॉफ्ट येतायत, लेन्स परत करू का? शनिवारच्या आत सांगा

गोदाकाठ_७
नवीन १५०-६०० घेतली. नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात घेऊन गेलो, एकही फोटो शार्प नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बरे दिसतात, घरी लॅपटॉपवर मोठे केले की चमचा पक्ष्याच्या चोचीच्या कडा विरघळलेल्या आणि डोळ्याच्या जागी नुसता काळा ठिपका. सेटिंग सगळं बरोबर आहे. याच कॅमेऱ्यावर जुन्या ७०-३०० ने घरामागचा खंड्या मस्त येतो, म्हणजे कॅमेऱ्यात दोष नाही.

दुकानदार शनिवारपर्यंतच बदलून देणार. नंतर सर्व्हिस सेंटरला पाठवा आणि वाट बघत बसा. लेन्स खराब आहे का, एवढंच सांगा. पैसे संपलेत, नवीन काही घ्यायला सुचवू नका.

शटर_काका
कॅमेरा कुठला? शटर स्पीड किती? पक्षी किती लांब? किती वाजता? हातात की ट्रायपॉडवर? "सेटिंग बरोबर आहे" यातून काहीच कळत नाही हो. एक मूळ फाइल टाका, कापलेली नको.

रानवाटा
परत करा, विचार करू नका. १५०-६०० प्रकारातल्या लेन्स मी दोन-तीन जणांच्या वापरल्यात. ५०० च्या पुढे सगळ्याच ढिल्या पडतात. ती देऊन सरळ ३०० ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) घ्या आणि पक्ष्याच्या जवळ जा.

लेन्सवेडा_पंचवटी
डीएसएलआरचे दिवस संपले, दादा. निकॉन झेड५०-२ हा मिररलेस कॅमेरा घ्या. पक्षी ओळखून फोकस आपोआप डोळ्यावर बसतो. मी बदलला तेव्हापासून निम्मी डोकेदुखी गेली.

गोदाकाठ_७
नवीन काही सुचवू नका असं वर लिहिलंय.
@शटर_काका, निकॉन डी७५००. एफ ८, आयएसओ २००, शटर कॅमेराच ठरवतो. सकाळीच गेलो होतो. पक्षी फार लांब नव्हते. ट्रायपॉड नव्हता, पण लेन्स टेकवली होती. आता सांगा.

शटर_काका
कॅमेऱ्याने जे ठरवलं ते फाइलच्या माहितीत लिहिलेलं असतं. तो आकडा द्या. आणि लेन्स टेकवली ती कशावर?

गोदाकाठ_७
१/३२०, काही १/४००. गाडीच्या खिडकीच्या काचेवर, काच अर्धी खाली घेऊन. फोटो टाकलाय.

शटर_काका
मग लेन्सचं नाव कशाला काढता? ६०० मिमी, त्यात तुमचा क्रॉप (छोटा) सेन्सर १.५ पटीचा, म्हणजे दृश्यकोन ९०० चा झाला. जुना नियम (जेवढे मिमी, शटर किमान तेवढ्यावा भाग सेकंद) लावला तरी १/१००० च्या खाली यायचं नाही. उडत्या पक्ष्याला १/२०००, छोट्या चपळ पक्ष्याला १/३२००. आयएसओ २०० चा हट्ट सोडा. ऑटो आयएसओ लावून वरची मर्यादा ३२०० करा. आयएसओ वाढल्याने येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो दुरुस्त होत नाही. आणि काचेच्या धारेवर लेन्स घसरते. बीन बॅग विकत घ्यायची गरज नाही, जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही तोंडं शिवा आणि आत तांदूळ भरा. दारावर घडी घालून ठेवली की लेन्स घट्ट बसते.

मृण्मयी_सिन्नर
काका, शटरचं म्हणणं बरोबर आहे, पण या फोटोत हलल्याची खूण मला दिसत नाही. कॅमेरा हलला तर सगळ्या कडा एकाच दिशेने ओढल्या जातात. इथे चोचीची वरची कड वाकडीतिकडी आहे, खालची बऱ्यापैकी सरळ आहे, आणि मागच्या गवताची पाती मध्येच जाड, मध्येच बारीक झालीत. ही हवेची करामत वाटते.

@गोदाकाठ_७, फाइलमध्ये वेळ १०:४२ आहे, म्हणजे ऊन चढलेलं होतं. आणि पक्षी लांब होता. ६०० ला तुमच्या सेन्सरवर १५० मीटर अंतरावरच्या फ्रेमची रुंदी साधारण ६ मीटर होते. चमचा धरा ८५ सेंमी. तुमच्या फ्रेममध्ये त्याने रुंदीचा सातवा भाग व्यापलाय, म्हणजे तो दीडशे मीटरच्या आसपासच उभा होता. डी७५०० ची फाइल ५५६८ पिक्सेल रुंद असते. त्यातला सातवा भाग म्हणजे जेमतेम ८०० पिक्सेलचा पक्षी. तेवढ्यात डोळ्याची चमक मागणं कुठल्याही लेन्सला जड जाईल, मध्ये हवा स्वच्छ असली तरी.

रानवाटा
डिसेंबरच्या निफाडात कसली गरम हवा? मे महिना आहे का? लेन्स ढिली आहे, मान्य करा.

मृण्मयी_सिन्नर
गरमीचा प्रश्नच नाही, फरकाचा आहे. उन्हाने चिखल, दगड, पाणी वेगवेगळे तापतात. त्यांच्यावरच्या हवेच्या थरांची घनता वेगळी होते आणि त्यातून येणारा प्रकाश थोडाथोडा वाकतो. डांबरी रस्त्यावर दिसणारं मृगजळ याच कारणाने होतं. लांब लेन्स हा वाकडेपणा मोठा करून दाखवते. आणि दीडशे मीटर हवा मध्ये असली की शटर १/४००० केलं तरी कड वाकडी ती वाकडीच. फरक इतकाच की वाकडेपणा गोठलेला मिळतो. थंडीत उलट हे जास्त होतं, कारण रात्रीची हवा खूप गार आणि पाणी तिच्या मानाने कोमट असतं.

शटर_काका
मग पहाटे गेलं तरी उपयोग नाही, असं म्हणायचंय का ताई?

मृण्मयी_सिन्नर
पहाटे धुकं उठतं तेव्हा पाण्याला लागून त्रास होतोच. सूर्य वर आल्यानंतरचा थोडा वेळ आणि ढगाळ दिवस, यात मला सगळ्यात चांगले फोटो मिळालेत. शिवाय निरीक्षण मनोऱ्यावरून काढलं तर नजर वरून तिरकी जाते, पाण्यालगतच्या थराचा भाग कमी येतो. पण वरून काढलेला पक्षी चपटा दिसतो, पाण्याच्या पातळीवरचा कोन फार देखणा असतो. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: पक्षी जवळ असेल तर खाली बसून, लांब असेल तर वरून, आणि ऊन चढलं की फक्त जवळचे.

पिक्सेल_पाटील
एवढं डोकं का लावता? टोपाझ सॉफ्टवेअरमध्ये टाका, एआय शार्पन एका क्लिकवर डोळा आणून देतं.

मृण्मयी_सिन्नर
आणून देतं म्हणजे बनवून देतं. मुळात ज्या पिसाची नोंदच झाली नाही, ते पीस सॉफ्टवेअर अंदाजाने काढतं. नांदूरच्या फोटोंवरून लोक पक्षी ओळखतात, नोंदी करतात. तुतारी जातीतले (चिखलात चरणारे) पक्षी पायाच्या रंगावरून आणि चोचीच्या लांबीवरून वेगळे करावे लागतात. तिथे अंदाज चालत नाही.

पिक्सेल_पाटील
सगळेच काही नोंदी करायला जात नाहीत ताई. कुणाला घरात भिंतीवर लावायचा असतो.

निफाडचा_मळा
मी जवळच राहतो म्हणून विचारतो. गाडीत हीटर चालू होता का? आमच्याकडे थंडीच्या लाटेत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ५-६ अंशांवर येतो. शहरातून येणारे गाडी चालू ठेवून, हीटर लावून, अर्ध्या काचेतून लेन्स बाहेर काढतात. आतली गरम हवा त्याच फटीतून बाहेर निघते, ती थेट लेन्सच्या तोंडासमोरून. काय शार्प येणार?

आणि एक विनंती आहे, धाग्याशी संबंध नसला तरी. थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवणं, दगड मारणं बंद करा. हे पक्षी हजारो किलोमीटर उडून येतात ते इथे खायला आणि विसाव्याला. दर सुट्टीला त्यांना पाच-सहा वेळा उठवलं की दिवसभराचं खाणं जातं. २०२० मध्ये रामसरच्या यादीत आलेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा. आमच्या गावांना तिचा अभिमान आहे.

गोदाकाठ_७
दगड मी मारत नाही. हीटर चालू होता, सोबत वडील होते. पण त्याने एवढा फरक पडतो?

मृण्मयी_सिन्नर
पडतो. दीडशे मीटर हवेपेक्षा लेन्ससमोरची दोन फूट हवा जास्त वाईट. इंजिन बंद, हीटर बंद, चारही काचा खाली करून थोडा वेळ थांबा. आतली आणि बाहेरची हवा एकसारखी झाली की मग काढा. वडिलांना शाल द्या.

अॅपर्चर_आजोबा
माझं मत विचारलं नाही, तरी सांगतो. सगळे लांबच्या पक्ष्यामागे का धावता? दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. १९१२ साली त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्यात धरली आणि ती दाखवून सिनेमासाठी भांडवल उभं केलं. विषय घरातच होता! डिसेंबरात द्राक्षाच्या घडावरचं दव, गोदाघाटावर दिवे लागल्यावर ओल्या पायऱ्यांत पडणारं त्यांचं प्रतिबिंब, सरकारवाड्याच्या लाकडी खांबांवरची तिरपी उन्हं. यातल्या कशालाच ६०० मिमी लागत नाही. एक कुंडी घ्या, रोज त्याच वेळी त्याच जागेवरून एक फोटो काढा. प्रकाश कसा बदलतो हे त्यातून जेवढं शिकाल, तेवढं लेन्स बदलून शिकणार नाही.

लेन्सवेडा_पंचवटी
आजोबा, घाटाचं काढलंत म्हणून विचारतो. २०२७ च्या सिंहस्थात गर्दीत २४-७० चालेल की ७०-२०० न्यावी?

अॅपर्चर_आजोबा
२४-७०. गर्दीत मागे सरकायला जागा मिळत नाही.

गोदाकाठ_७
कृपया सिंहस्थासाठी वेगळा धागा काढा. शनिवार जवळ येतोय. दुकानात जाऊ की नको?

शटर_काका
जाण्याआधी घरी तपासणी करा, तासाभराचं काम आहे. सकाळी सावलीत, भिंतीवर वर्तमानपत्र ताठ चिकटवा, १०-१२ मीटरवर ट्रायपॉड. स्टॅबिलायझर बंद, टायमर लावून ६०० ला एफ ८. आधी व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकसने काही फोटो, मग लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर बघून). डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरचा फोकस वेगळ्या सेन्सरवर ठरतो, लाइव्ह व्ह्यूचा मुख्य सेन्सरवर. लाइव्ह व्ह्यू शार्प आणि व्ह्यूफाइंडर सॉफ्ट आला तर लेन्स आणि कॅमेऱ्याचं जमत नाही. डी७५०० मध्ये एएफ फाइन ट्यून (ऑटोफोकस थोडा पुढे-मागे जुळवण्याची सोय) आहे, उणे २० ते अधिक २०, घरीच जुळवता येतं. दोन्ही सॉफ्ट आले तर लेन्समध्ये दोष, सरळ दुकान गाठा. दोन्ही शार्प आले तर मृण्मयीताईंचं खरं.

मृण्मयी_सिन्नर
आणि तपासणीच्या वेळी यूव्ही फिल्टर काढा. लावलाय ना?

गोदाकाठ_७
लावलाय. दुकानदाराने लेन्ससोबत फुकट दिला.

रानवाटा
फिल्टर काढू नका. माझ्या लेन्सची पुढची काच फिल्टरनेच वाचली, दगडावर आपटली होती.

मृण्मयी_सिन्नर
आपटण्यापासून हूड (लेन्सच्या तोंडावरची नळी) वाचवतो, तो कायम लावून ठेवा. फिल्टरची काच दोन्ही बाजूंनी अगदी सपाट आणि समांतर नसेल तर १८ मिमीच्या लेन्सवर कळत नाही, ६०० वर लगेच कळतं. ९५ मिमीची तशी काच बनवणं महाग असतं. फुकटात मिळालेल्या फिल्टरकडून ती अपेक्षा ठेवू नका.

रानवाटा
पटत नाही. समुद्रावर, धुळीत फिल्टर हवाच.

शटर_काका
समुद्र नाशकात नाही. धाग्यावर या.

नवखी_छायाचित्रकार
नांदूरहून येताना चांगली मिसळ कुठे मिळेल? चुलीवरची.

निफाडचा_मळा
येताना नको, सकाळी जातानाच खा. दुपारपर्यंत तर्री संपते.

गोदाकाठ_७
तपासणी झाली. वर्तमानपत्राचा फोटो लाइव्ह व्ह्यूमध्ये फिल्टरशिवाय एकदम शार्प, जाहिरातीतली बारीक अक्षरंही वाचता येतात. फिल्टर लावून तोच फोटो धूसर, दोन्ही शेजारी ठेवले तर फरक लगेच कळतो. व्ह्यूफाइंडरमधून थोडा सॉफ्ट येत होता, फाइन ट्यून अधिक ६ केल्यावर सुधारला.

मग नांदूरला गेलो. गाडी बंद, काचा खाली, दारावर तांदळाची पिशवी, १/१६००, ऑटो आयएसओ. साडेसातच्या सुमारास हळदी-कुंकू बदकं काठाजवळ होती. पिसाची प्रत्येक रेघ आलीय, चोचीच्या टोकाचा पिवळा रंगही. त्याच जागेवरून अकराच्या पुढे पलीकडच्या बेटावरचे चित्रबलाक काढले, ते पुन्हा मऊ. लाइव्ह व्ह्यू मोठा करून बघितला तर पक्ष्याच्या कडा थरथरताना चक्क डोळ्यांना दिसत होत्या. लेन्स ठेवतोय. काका, ताई, मळेकर, मनापासून आभार.

एक राहिलं. पांढरे पक्षी सगळे करपलेत, पंखावर नुसता पांढरा डाग. ते कसं सुधारायचं?

शटर_काका
एक्स्पोजर उणे ०.७, कडक उन्हात उणे १. रॉ (कॅमेऱ्याची मूळ, न दाबलेली) फाइलमध्ये काढा आणि पडद्यावर हायलाइटची लुकलुक चालू ठेवा. पांढऱ्या पंखावर लुकलुकलं की आणखी कमी करा. जांभळी पाणकोंबडी किंवा वारकरी (काळा पाणपक्षी) समोर आला की परत शून्यावर आणा, नाहीतर तो नुसता काळा गोळा येईल.

रानवाटा
फाइन ट्यून अधिक ६ करावं लागलं म्हणजे लेन्समध्ये काहीतरी आहेच. मी असतो तर बदलून घेतली असती.

मृण्मयी_सिन्नर
डीएसएलआरवर पाच-सहाचा फरक नेहमीचा आहे. तोच आकडा १५० मिमीलाही तपासून बघा मात्र. या कॅमेऱ्यात एका लेन्सला एकच आकडा साठवता येतो, झूमच्या दोन टोकांना वेगळा देता येत नाही. पक्ष्यांसाठी वापरणार असाल तर ६०० ला जुळवलेला ठेवा.

खंड्या_प्रेमी
माझीही अशीच अडचण आहे, लेन्स १००-४००. गंगापूर धरणाजवळ काढलेले सगळे फोटो सॉफ्ट. सेटिंग बरोबर आहे. लेन्स खराब असेल का?

शटर_काका
कॅमेरा कुठला? शटर किती? किती वाजता?